ओरिजिनल

गाडी बघायला येणारा माणूस बॉनेट उचलायच्या आधीच विचारतो, "ओरिजिनल हाय काय?" आमच्या भागात हा शब्द आता कशालाही लागतो. चप्पल ओरिजिनल, गूळ ओरिजिनल, तांबडा रस्सासुद्धा ओरिजिनल. 'फसवणूक नाही' एवढाच अर्थ धरला तर काही बिघडत नाही. पण गेली तीन वर्षं मी गोठ्यात 1966 सालची स्टँडर्ड हेराल्ड खोलून बसलोय, आणि या गाडीपाशी आल्यावर तो शब्द नीट बसेनासा झालाय. हेराल्डचे नट इंची मापाचे. अर्ध्या इंचाच्या नटाला तेराचा पाना लावला की तो लागतो, पण जोर दिला की घसरतो. तसंच होतं.

गोठा म्हटलं ते खरंच गोठा. म्हशी विकल्यापासून रिकामा होता. गव्हाण तशीच आहे, तिच्यात आता नट-बोल्टचे डबे असतात. इंजिन काढायला तुळईला चेन ब्लॉक टांगला. हेराल्डचं पुढचं सगळं तोंड मडगार्डसकट पुढच्या बाजूला उघडतं, त्यामुळं चाकावर बूड टेकून इंजिनाचं काम करता येतं. मोटारीचं काम बसून करता यावं ही सोय साठी ओलांडलेल्या माणसाला फार मोठी वाटते.

ही गाडी मूळची इंग्लंडची. ट्रायम्फ हेराल्ड या नावानं ती 1959 साली तिथं आली. तिचं रूप इटलीच्या जिओव्हानी मिकेलोत्ती यांनी रेखलं. अखंड बॉडी करून देणारा कारखाना त्या वेळी कंपनीला मिळेना. म्हणून बॉडीचे तुकडे ठिकठिकाणी करून घ्यायचे आणि वेगळ्या चासीवर बोल्टनं आवळायचे असं ठरलं. छप्परसुद्धा बोल्टनंच बसवलेलं. तीच चासी आखूड करून ट्रायम्फनं 1962 मध्ये स्पिटफायर ही दोन माणसांची उघडी स्पोर्ट्स कार काढली. एका आईच्या दोन मुली. एक नोकरीला लागली, दुसरी नाटकात गेली. आपल्याकडं मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सनं 1961 पासून हेराल्ड बनवायला घेतली. त्या काळी नवी मोटार घ्यायची म्हणजे अँबॅसिडर, फियाट नाहीतर हेराल्ड, आणि तिघींसाठी नंबर लावून वाट बघत बसायचं.

आमच्या आण्णांनी नंबर लावला नाही. त्यांनी ही गाडी 1973 साली निपाणीच्या एका तंबाखूच्या व्यापाऱ्याकडून जुनी घेतली.

आण्णा जनावरांचे डॉक्टर. गारगोटीच्या अलीकडं आमचं गाव, आणि भुदरगडातल्या वाड्यावस्त्यांवर त्यांची फिरती. म्हैस अडली की रात्री माणूस कंदील घेऊन दारात उभा. गावात मोटार ही एकच, त्यामुळं जनावरांच्या डॉक्टरची गाडी माणसांचीही झाली. साप चावलेला, झाडावरून पडलेला, अडलेली बाळंतीण. कोल्हापूरला सीपीआरमध्ये न्यायचं तर पन्नासेक किलोमीटर, आणि रस्ता तेव्हाचा. दोन दारांच्या गाडीत आजारी माणसाला मागच्या सीटवर चढवणं म्हणजे दिव्यच. तेव्हा आण्णांनी एक दिवस डावीकडची पुढची सीट उचकटून माळ्यावर टाकली. सुताराकडून सागवानी फळी करून घेतली, पुढं पाय ठेवायच्या जागेपासून मागच्या सीटपर्यंत पोचेल अशी. माणूस सरळ आडवा निजायचा. मग छपराला भोक पाडून, वरून पत्र्याचा बिल्ला लावून लोहाराकडून एक आकडा आवळून घेतला. सलाइनची बाटली अडकवायला.

याशिवाय मागच्या आडव्या पाट्यात एक पान वाढवून गाडी उंच केली, कारण वस्त्यांच्या वाटांवर बूड घासायचं. पुढं मधोमध एक जादा दिवा बसवला. पुढचं उजवं चाक तर 1981 च्या पावसाळ्यात मुदाळ तिट्ट्याजवळ आत मुडपून बसलं. हेराल्डच्या पुढच्या चाकाचा उभा दांडा खाली ब्राँझच्या एका आट्याच्या तुकड्यात फिरतो. त्याला ट्रनियन म्हणतात. त्यात जाड तेल घालायचं असतं, ग्रीस नाही. एका गॅरेजवाल्यानं वर्षानुवर्षं ग्रीस भरलं होतं. ग्रीस आट्यांच्या तळापर्यंत पोचत नाही, पाणी मात्र पोचतं. दांडा गंजून तुटला. नवा तुकडा मिळेना, तेव्हा कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका टर्नरनं जुना बघून लेथवर नवा काढून दिला. त्यानंतर आण्णा हे काम स्वतः करायचे, आणि तेलाची पिचकारी धरायला माझा धाकटा भाऊ असायचा. तो तेव्हा आठ वर्षांचा होता.

आण्णा गेले 2004 साली. गाडी त्याआधीच उभी राहिली होती. ती पुन्हा चालू करायची असं घरात ठरलं, तेव्हा भांडण होईल असं कुणालाच वाटलं नव्हतं.

भाऊ पुण्याला बँकेतून निवृत्त झाला. जुन्या गाड्यांच्या रॅलींना तो हौसेनं जातो. त्याचं म्हणणं सरळ होतं: मद्रासच्या कारखान्यातून 1966 साली निघाली तशी करायची. सीट परत, पाटा मूळचा, दिवा काढायचा, छपराचं भोक वेल्डिंगनं बुजवून लांबी भरून रंगवायचं, आकडा आठवण म्हणून कपाटात. माझी मुलगी चाकणला मोटारीच्याच कारखान्यात इंजिनिअर आहे. तिला छप्पर काढायचं होतं. बोल्टच तर आहेत, म्हणाली. छप्पर काढायचं, दोन कार्बोरेटर लावायचे, मागचं सस्पेन्शन सुधारायचं, म्हणजे घरच्या घरी निम्मी स्पिटफायर तयार. आणि आण्णांनी ठेवली तशीच ठेवावी असं मला वाटत होतं. एक गाडी आणि तीन गाड्या.

भावाच्या बाजूला कायदा आहे. केंद्र सरकारनं 2021 मध्ये व्हिंटेज मोटारींचे नियम काढले. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली आणि चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली गाडी त्यात बसते. नियम वाचताना एक गोष्ट मला खटकली. अशी नोंदणी झालेली गाडी रोजच्या कामाला रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, फार तर पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला. म्हणजे अस्सलपणाचा दाखला मिळाला की बाजाराला जायचं नाही, पाहुण्याला एसटी स्टँडवरून आणायचं नाही, आणि कुणाला सीपीआरला न्यायचं तर मुळीच नाही. नियम करणाऱ्यांनी ते चांगल्या हेतूनंच केलं असणार; पन्नास वर्षांपूर्वीची इंजिनं रोज धूर ओकत फिरू लागली तर कुणाला चालेल? तरी कायद्याच्या लेखी जी जास्तीत जास्त मोटार आहे, ती कमीत कमी चालणारी आहे, हे काही माझ्या डोक्यातून जाईना.

पण मूळ रूप म्हणजे तरी काय? आमची बैलगाडी घ्या. दर दोन-चार वर्षांनी सुतार आरे बदलायचा, लोहार धाव तापवून पुन्हा चढवायचा, जू मोडलं की नवं. आजोबांची गाडी म्हणून तिचं नाव शेवटपर्यंत चाललं, आणि आजोबांच्या वेळचं तिच्यात काय उरलं होतं हे कुणी विचारलं नाही. पालीतल्या 'मिलिंदपञ्ह' या ग्रंथात ग्रीक राजा मिलिंद आणि भिक्खू नागसेन यांचा संवाद आहे, त्यात हेच आहे. राजा रथातून आला होता. नागसेन विचारतात, आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? जू म्हणजे? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. मग रथ कुठं आहे? या सगळ्यांच्या मेळाला व्यवहारात दिलेलं ते नाव आहे, इथं ते पोचतात. आणि माणसाचंही तसंच, असं त्यांना म्हणायचं असतं.

हेराल्डच्या इंजिनाला दोनदा स्लीव्ह टाकलेत. गिअरबॉक्स भंगारात निघालेल्या दुसऱ्या हेराल्डचा आहे, डावं दार तिसऱ्याच एकीचं. मी तिच्या चासीचे सडलेले हात कापून 16 गेजच्या पत्र्याचे नवे जोडले. तरी आरटीओचा माणूस येईल तेव्हा तो फक्त चासीवरचा नंबर पेन्सिलीनं कागदावर उमटवून घेईल. नंबर जुळला की गाडी तीच. नागसेनांना जो आत्मा सापडला नाही, तो सरकारला चासी नंबरात सापडला.

भावाचा खरा मुद्दा मात्र कायद्याचा नव्हता. गणपतीत तो गावी आला होता, तेव्हा फळीवर हात ठेवून म्हणाला, "दादा, आण्णांनी हे हौसेनं केलं काय? गावाला रुग्णवाहिका नव्हती म्हणून केलं. सुटा भाग मिळत नव्हता म्हणून लेथवर काढला. त्यांना चांगलं मिळालं असतं तर त्यांनी चांगलंच घेतलं असतं. आपण त्यांची अडचण जपून ठेवायची आणि तिला वारसा म्हणायचं, हे बरोबर हाय काय?"

याचं उत्तर माझ्याकडं लगेच नव्हतं. शहरातली माणसं आता जातं आणून दिवाणखान्यात ठेवतात, त्यावर काच टाकून टीपॉय करतात. ज्या बायकांनी पहाटे उठून ते ओढलं, त्यांना जातं सुटल्याचा आनंद झाला होता. गरिबीतल्या जुगाडाचं कौतुक बहुतेक वेळा ज्यांना ते करावं लागत नाही तेच करतात. फळी आणि आकडा ही एका न झालेल्या गोष्टीची खूण आहे. तालुक्याला रुग्णवाहिका असती तर त्या छपराला भोक पडलं नसतं. ते भोक बुजवण्यात भाऊ आण्णांचा अपमान करत नव्हता. उलट, आण्णांना जे मिळायला हवं होतं ते उशिरा का होईना द्यावं, असं त्याला वाटत होतं.

त्याच आठवड्यात मी रंग घासायला घेतला. वरचा पांढरा गेला, खाली करडा लागला, करड्याखाली आणखी एक पांढरा, आणि सगळ्यात खाली, पत्र्याला लागून, हिरवा. फिकट, कैरीच्या सालीसारखा. घरात कुणालाच हा रंग माहीत नव्हता. आईला बाहेर बोलावून दाखवला. ती खुर्चीत बसून बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिली.

"ही आपली गाडी न्हवं," म्हणाली.

"आई, हाच मूळचा रंग."

"आसंल. पर मी हिरव्या गाडीत कवा बसलेच न्हाई बाबा."

भावाच्या हिशेबानं गाडी हिरवी व्हायला हवी. ती हिरवी होती तेव्हा निपाणीच्या त्या व्यापाऱ्याची होती. तो माणूस कसा होता, गाडीतून कुठं जायचा, आम्हाला काही ठाऊक नाही. अस्सल करायच्या नादात आम्ही आमच्या बापाची गाडी पुसून एका अनोळखी माणसाची गाडी तयार करणार होतो. तसं करायलाही हरकत नसते, पण मग आपण काय करतोय ते माहीत असावं. 'मूळ' म्हणजे आपोआप सापडणारी जागा नव्हे. थरांपैकी कुठल्या थराशी थांबायचं हे कुणीतरी ठरवतं, आणि ठरवताना कुणाचं तरी आयुष्य वरचं म्हणून खरवडलं जातं.

वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवरचं शेंदराचं कवच 2022 मध्ये काढलं तेव्हा गावात पारावर चर्चा झाली होती. पिढ्यान्‌पिढ्या चढत गेलेला शेंदूर निघाला आणि खालचं दगडातलं रूप दिसलं. लोकांनी गर्दी केली, हात जोडले. पण आमच्या गावातली एक म्हातारी म्हणाली होती, मी ज्या मुखड्याला नवस बोलले तो हा न्हवं. मूर्तीच्या जपणुकीसाठी ते काम गरजेचं होतं, म्हातारीही खोटं बोलत नव्हती. जुन्या इमारती जपणाऱ्या जगभरच्या जाणकारांनी 1964 साली व्हेनिसमध्ये एक सनद केली. त्या सनदेत या म्हातारीची बाजू आहे असं मला वाचताना वाटलं. वास्तूवर वेगवेगळ्या काळांनी केलेल्या चांगल्या भरीचा मान राखावा, सगळं एकाच काळाचं दिसलं पाहिजे हे उद्दिष्ट नव्हे, असा तिचा आशय. जुन्या मोटारींच्या जागतिक संघटनेनं पुढं तुरिनची म्हणून एक सनद केली, तीही याच वळणाची. आमच्याकडच्या देवळांच्या जीर्णोद्धार कमिट्यांना कुणी ती वाचून दाखवली असती तर कितीतरी काळे दगडी खांब बाथरूमच्या फरशीखाली गेले नसते. असो, तो विषय वेगळा.

मग आण्णांचं सगळंच ठेवायचं का? इथं मुलीनं मला अडवलं. मागची चाकं दाखवत म्हणाली, "बाबा, हा वाढवलेला पाटा मात्र ठेवायचा नाही."

हेराल्डच्या मागच्या दोन्ही चाकांचे अर्धे-अर्धे आस मधल्या सांध्यावर वरखाली झुलतात. वेगानं वळताना घाबरून एकदम ॲक्सिलरेटर सोडला, की मागचा भाग उचलला जातो, बाहेरचं चाक आत मुडपतं आणि गाडी गरकन फिरते. या दोषासाठी तिची आणि स्पिटफायरची दोघींचीही बदनामी झाली. आण्णांनी पान वाढवून गाडी उंच केली आणि तो दोष आणखी वाढला. वस्तीच्या वाटेवर ताशी वीसच्या वेगाला त्याचं काही नव्हतं. आज त्याच गाडीला मुदाळ तिट्ट्यावर उसाच्या ट्रॉल्या, डंपर आणि मोबाइल कानाला लावलेली पोरं यांच्यातून जायचंय. समोरून येणाऱ्या मोटारसायकलवर नवराबायको आणि मधे लेकरू असतं. आमच्या घराण्याच्या आठवणीचा धोका त्यांनी का पत्करावा? मला जपायचंय ते माझ्या जिवावर जपलं तर हौस, दुसऱ्याच्या जिवावर जपलं तर तो गुन्हाच.

आणि गंमत म्हणजे खुद्द ट्रायम्फनं 1970 मध्ये स्पिटफायरचा मागचा पाटा बदलून हा दोष बराचसा काढला. बनवणाऱ्यालाच आपलं मूळ पवित्र वाटलं नव्हतं. मुलीनं तसला पाटा इंग्लंडहून मागवला. त्यावरची कस्टम ड्यूटी मी आईला सांगितली नाही. डायनॅमो काढून ऑल्टरनेटर लावला, रेडियल टायर आले, सीटबेल्ट आले. पेट्रोलच्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा बदलावा लागला, कारण आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं आणि जुनं रबर त्यात फुगतं, चिरतं. ते इथेनॉल आमच्याच भागातल्या उसाचं. आपलाच ऊस आपल्याच गाडीची नळी खातोय, हे ऐकून मिस्त्री पोट धरून हसला.

मुलीच्या छपराचा प्रश्न मला जास्त अवघड गेला. मी तिला म्हटलं, आण्णांनी गरजेपोटी केलं, तुझी हौस आहे. तिनं विचारलं, "आण्णांनी तो मधला जादा दिवा लावला, त्याची काय गरज होती?" दोन दिवे होतेच. तिसरा त्यांनी लावला कारण मुंबईला एका रॅलीच्या गाडीवर त्यांनी तसला पाहिला होता. हे मीच तिला कधीतरी सांगितलं होतं. आपल्या आधीच्या पिढीला आपण फक्त कष्ट करू देतो. त्यांनी मौजेपोटी काही केलं असेल हे ध्यानातच ठेवत नाही. आण्णा रात्री वस्तीवरून परत येताना मोकळ्या माळावर गाडी सुसाट सोडायचे, हे त्यांच्याबरोबर बाटल्यांची पेटी घेऊन जाणाऱ्या शिपायानं मला फार नंतर सांगितलं.

शेवटी छपराचं आम्ही असं केलं: दोन्ही मिळून जे उलटं फिरवता येतं ते करायला हरकत नाही. बोल्ट सोडले तर पुन्हा आवळता येतात. चासी कापायची नाही, पत्रा कापायचा नाही. हिवाळ्यात चार दिवस छप्पर गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवायचं, आकड्यासकट, आणि तिनं कुठं हिंडायचं ते हिंडावं. नागसेनांना हे चाललं असतं असं मला उगीच वाटतं.

फळीचा निकाल मात्र आईनं लावला. मी ती तेलपाणी करून पुन्हा बसवत होतो. ही गाडी अशीच असायची, असं काहीतरी बोलतही होतो. आई दारात तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "सीट कुठं हाय?"

"कसली सीट?"

"म्होरची. डावीकडची. तुझ्या आण्णांनी माळ्यावर टाकलेली."

सीट उंदरांनी खाल्ली होती, सांगाडा तेवढा उरला होता.

"गाडी घेतली तवा आठ म्हयनं मी म्होरं बसले. मग त्यांनी ती काढली. मग कुठं जायचं तर मागं, फळीच्या बाजूला, आंग चोरून. माझ्या माहेरच्या लग्नालाबी तशीच गेले. लोकं म्हणायची डॉक्टरीणबाई मोटारीतनं आल्या." ती तांदळातले खडे बाजूला करत राहिली. "काय वंगाळ केलं न्हाई त्यांनी. किती जीव वाचलं. पर मला इचारलं न्हवतं."

एवढा वेळ मी कारखान्याचं मूळ आणि बापाचं मूळ यांच्यात तोलत होतो. त्या फळीखाली कुणाची तरी जागा गेली होती, हे तिघांपैकी एकाच्याही हिशेबात नव्हतं. आणि फळीवर निजून गेलेली माणसंही खरीच. आकडा बघायला शेजारच्या वाडीतला एक माणूस मुद्दाम आला होता. आपण सहा वर्षांचे असताना या आकड्याला आपली बाटली होती असं आईनं सांगितल्याचं म्हणाला, आणि आकडा हातानं हलवून बघून गेला. त्याला सांगायचं का, की ही फळी कुणाच्या सीटच्या जागी होती? दोन्ही गोष्टी एकाच वेळी एका गाडीत बसत नाहीत. जागा तेवढीच आहे.

सांगाडा घासून, रेड ऑक्साइड लावून गारगोटीच्या कुशनवाल्याकडं दिला. रेक्झिन आईनं निवडलं, विटकरी. हेराल्डला त्या रंगाची सीट कधीच नव्हती. फळी गोठ्यात गव्हाणीवर आडवी ठेवलीय, तिच्यावर आता पाने असतात. आकडा छपरालाच आहे. व्हिंटेजची नोंदणी आम्ही घेतली नाही, साधीच नूतनीकरणाला टाकली. रंग पांढरा, पुस्तकात आहे तोच. मडगार्डच्या आत, जिथं दिसत नाही तिथं, टिचभर हिरवा मी घासायचा ठेवलाय. तो व्यापारीही होताच की.

भावाला हे सगळं फोनवर सांगितलं. आकड्याचं ऐकून तो काही बोलला नाही. नोंदणीचं ऐकून म्हणाला, "तुमचं तुम्ही बघा." मला वाटलं, राग आलाय, आता ठेवतोय फोन. पण त्यानं ठेवला नाही. थोड्या वेळानं विचारलं, "ट्रनियनमध्ये काय घातलंस?"

"नव्वदचं तेल."

"ग्रीस नाही ना?"

"नाही."

"दोन्ही बाजूला?"

"दोन्ही बाजूला."

"दसऱ्याला येतो," म्हणाला. "पिचकारी कुठं ठेवलीयस ते बघून ठेव."